यंत्राला बातम्या वाचायला शिकवताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात दोन-तीन पोरं तोच प्रोजेक्ट घेऊन येतात: संगणकाने मराठी बातम्या वाचून आपली आपणच माहिती गोळा करायची. चार नावं द्यायची, प्रोग्राम सुरू करायचा आणि झोपायचं. सकाळी हजारो नोंदी तयार! त्यातल्या खऱ्या किती, हे विचारलं की चेहरे पडतात.

मीही हे केलंय. बियाणं, म्हणजे सुरुवातीची नमुना नावं, म्हणून संत्री, मोसंबी, पेरू दिले. यंत्राने 'अमुकची आवक वाढली' हा साचा हुडकला. नागपूरच्या कळमना बाजाराच्या भावांत तो चपखल बसला, डाळिंब-सीताफळं धडाधड सापडली. मग पावसाळा लागला. 'तोतलाडोह धरणात पाण्याची आवक वाढली.' झालं, पाणी फळ ठरलं! पाणी फळ म्हटल्यावर 'पाण्याचा पुरवठा खंडित' हा साचाही फळांचाच. त्यातून वीज आली, वीजेमागून गॅस. तिसऱ्या दिवशी मी टोपली उघडली तेव्हा संत्री शोधावी लागत होती.

कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१० साली सुरू झालेल्या, इंटरनेट वाचून आपलं आपण शिकणाऱ्या 'नेल' या प्रोग्रामचीही अशीच फजिती झाली होती. इंटरनेटच्या कुकीज त्याने बेकरीच्या मालात टाकल्या. कुकीज डिलीट होतात, फाइलीही होतात, म्हणून फाइलीही बेकरीत. एकटा वर्ग शिकवला की तो असा पसरतो. मी आता फळांसोबत द्रव, इंधन, भाज्या पहिल्याच दिवशी शिकवायला घेतो. एकात गेलेलं दुसऱ्यात जायचं नाही. फेरीला नवे साचे पाचच. आणि प्रत्येक फेरीनंतर वीस नोंदी चहा घेत स्वतः वाचतो. "काऊन सर, हातानंच तपासायचं तर मशीन कायले?" असं एकाने विचारलं होतं. त्याच्या यादीत रॉकेल फळ होतं.

दुसरं दुखणं खास आपलं, नागपूरचं: सदर. हे इथल्या एका भागाचं नाव, आणि सरकारी मराठीत 'सदर' म्हणजे 'वर सांगितलेला'. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे 'सदर इमारत', 'सदर अर्ज' वाचून यंत्राने राज्यातली निम्मी सरकारी कागदपत्रं आपल्या सदर भागात आणून ठेवली. 'सदरमध्ये', 'सदरला' दिसलं तरच मी जागा मानतो. 'सदरच्या'वर भरवसा नाही, कारण 'सदरच्या प्रकरणी' लिहिणारे बाबू सगळीकडे आहेत.

संत्री, संत्र्याची, संत्र्यांना हे एकच फळ आहे, हे आधी शिकवा.

एकाच वृत्तसंस्थेची बातमी वीस साइटवर छापली तर पुरावा एकच धरा, वीस नाही.

'नागपूर मध्य प्रदेशची राजधानी' हे वाक्य जुन्या मजकुरात सापडलं की पोरं ते खोटं म्हणून उडवतात. १९५६ पर्यंत ते खरंच होतं. नोंदीपुढे साल आणि मूळ वाक्य दोन्ही ठेवा. डिस्क भरते? भरू द्या.