वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवताना या चुका टाळा

दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे जाणं भागच असतं. मुलं आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात आणि घरातला एकुलता एक स्मार्टफोन बापाच्या खिशातून सांगली-कोल्हापूरच्या फडात जातो.

हे सगळं मला माहीत होतं. तरी एका डिसेंबरात रात्री साडेनऊला मी चौथीच्या ग्रुपवर टाकलं, 'उद्या येताना कार्डशीट आणि डिंक आणा.' सकाळी निम्मा वर्ग हात हलवत आला. मी चिडले. तेव्हा एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, फोन पप्पांकडं हाय, कारखान्यावर. त्यांनी आणायचं का कार्डशीट?" वर्ग हसला. मला मात्र पुढं रागवायला तोंड उरलं नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच. आपण ग्रुपवर टाकतो आणि मुलाला सांगितलं असं धरून चालतो. शहरातही फार वेगळं नसतं. तिथं फोन रात्रपाळीला जातो किंवा कॉलेजातल्या भावाकडे असतो. ग्रुपमधली टिक सगळ्यांनी मेसेज उघडल्यावरच निळी होते, त्यामुळे चाळीस जणांच्या ग्रुपात ती बहुतेक वेळा करडीच राहते. आपला मेसेज दाबून धरला आणि माहिती उघडली तर कुणी वाचला हे दिसतं. पण तिथं दिसतो तो बाप, पोरगी नव्हे.

मी आता जूनमध्येच हजेरीच्या वहीत एक रकाना आखते : फोन दिवसा कुणाकडे, आणि मुलाच्या हाती किती वाजता. ज्यांच्यापुढे 'नाही' लिहिलंय त्यांचा निरोप फळ्यावर आणि वहीत. साहित्य आणायचं असेल तर दोन दिवस आधी. आजीकडे बटणाचा फोन असेल तर सरळ कॉल. आणि ज्यांचे आईबाप फडात आहेत त्यांच्यासाठी हाच ग्रुप उलट्या बाजूनं कामाला येतो. शनिवारी मी मुलांना त्यांच्या आईसाठी कविता म्हणायला लावते आणि आवाज ज्याच्या त्याच्या घरच्या नंबरावर पाठवते. त्याचं उत्तर रात्री उशिरा येतं, पण येतं.

दुसरी चूक भाषेची. मराठी लिहायची आणि अक्षरं इंग्रजी वापरायची. 'पी-ए-टी-आय आणावी' असं वाचून एका आईनं मला विचारलं होतं, पाटी का पती? 'के-ए-एल' हे मराठी घरात 'काल' होतं आणि हिंदी-उर्दू बोलणाऱ्या घरात 'कल', म्हणजे उद्यासुद्धा. गुगलच्या जीबोर्ड या टायपिंगच्या अ‍ॅपात मराठी कळफलक जोडायला दोन मिनिटं लागतात, माइक दाबून बोललं तरी देवनागरीत उमटतं. उमटलेलं एकदा वाचून मगच पाठवा, कारण आडनावांचं ते फार वाटोळं करतं. आणि 'उद्या' हा शब्द ग्रुपवर लिहूच नका. रात्री टाकलेला 'उद्या' पालकानं सकाळी सातला उघडला की त्याचा परवा होतो. वार आणि तारीख लिहा.

सूचनेच्या जागी चौकोन किंवा इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, ही नेहमीची तक्रार. कार्यालयात अजूनही बरंच टंकन श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टांत होतं. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवतात. फॉन्ट असलेल्या संगणकावर मराठी दिसतं. पालकाच्या फोनात तो फॉन्ट नाही, म्हणून खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. वर्डची फाइल पाठवू नका, पीडीएफ करून पाठवा. फॉन्ट बहुधा आतच बांधला जातो. पण त्यातला मजकूर उचलून मेसेजमध्ये चिकटवला की पुन्हा काला होतो. पक्का इलाज म्हणजे युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनात मराठीच दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करणं. फळ्याचा किंवा वहीचा फोटो अस्पष्ट जात असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून बारीक करत नाही.

पुढं ढकललेल्या मेसेजांबद्दल मी जरा कडक आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. तसले मेसेज तेव्हा फोनाफोनांत फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढं पाठवायची मर्यादा घातली. दोन बाणांची खूण म्हणजे मेसेज खूप हातांतून आलाय. आमच्या ग्रुपात तो आला की मी काढून टाकते. पावसाळ्यात सुट्टीची पत्रं फिरतात तीही बघून घ्या. पत्र खरं असतं, साल मागचं असतं. आधी तारीख वाचा, मग जिल्हा माहिती कार्यालयाच्या खात्यावर तेच पत्र आहे का पाहा.

आधार कार्डाचा फोटो ग्रुपवर मागणं सरळ बंद करा. नोंदणीसाठी 'आधार पाठवा' म्हटलं की पालक बिचारे तिथल्या तिथे टाकतात आणि मग चाळीस घरांत ते कार्ड साठून राहतं. वैयक्तिक नंबरावर मागा. चुकून पडलंच तर अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी काढता येतो, पण कुणी उतरवून घेतलेली प्रत त्यानं परत येत नाही. गुण आणि थकलेली वर्गणीही ग्रुपवर नको.

सुप्रभात, फुलं, वाढदिवस यांना कंटाळून बरेच जण 'फक्त अ‍ॅडमिन लिहील' ही सोय कायमची लावून टाकतात. मीही लावली होती. मग पालकांनी आपला दुसरा ग्रुप काढला आणि तिथं माझ्याविषयी काय चाललंय ते मला शिपाईमामांकडून कळायला लागलं. आता संध्याकाळी सहा ते सात ग्रुप उघडा असतो. सदस्यानं काही भलतं टाकलं तर आपल्यावर गुन्हा होईल या भीतीनं ग्रुप बंद ठेवू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलंय की समान हेतू किंवा आधीचं संगनमत दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी अ‍ॅडमिन जबाबदार नाही.

अभ्यासाचे व्हिडिओ शोधून टाकण्याआधी पुस्तक उघडा. बालभारतीच्या पुस्तकांतला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शिक्षण-अ‍ॅपमधून स्कॅन होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, त्यामागं हेच क्यूआर कोडचं काम होतं. कोड पुसट झाला असेल तर त्याखाली सहा अक्षरं-आकडे छापलेले असतात, ते अ‍ॅपमध्ये टाइप करा.

आणि नंबरांची यादी वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि टोळ्या परतल्यावर, हजेरीशी ताडून घ्या. माझ्याकडून एक आकडा चुकला आणि एक अनोळखी गृहस्थ तीन महिने आमच्या ग्रुपात होते. प्रत्येक सूचनेला ते न चुकता अंगठा द्यायचे, म्हणून मला शंकाच आली नाही.