घर गळतंय म्हणून भाडं थांबवताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो, स्लॅब गळतोय, भिंतीला ओल आलीय, मालक फोन उचलत नाही, मग भाडं बंद केलं तर चालेल ना? नाही चालणार. तुमची तक्रार शंभर टक्के खरी असली तरी परस्पर भाडं थांबवलं की भांडण गळतीचं राहतच नाही, थकबाकीचं होतं. मालकाने भाडेकरूला थकबाकीची लेखी नोटीस दिली आणि ९० दिवसांत पैसे भरले नाहीत तर तो घर खाली करायचा दावा टाकू शकतो, म्हणजे चूक त्याची आणि घर जाणार तुमचं. भाडं घ्यायलाच नाही म्हणत असेल तर मनीऑर्डर करा आणि पावती जपून ठेवा.

आधी हे बघा की तुम्ही कायद्याने भाडेकरू आहात की लायसन्सी, म्हणजे ठराविक मुदतीपुरती फक्त राहायची परवानगी मिळालेले. हल्ली ११ महिन्यांचं जे होतं ते बहुतेक लिव्ह अँड लायसन्स, त्यात दुरुस्ती कोणी करायची हे ॲग्रीमेंटमध्ये जे लिहिलंय त्यावरच सगळं अडतं, म्हणून सही करायच्या आधी गळती, ड्रेनेज, वायरिंग कोणाच्या खर्चाने ते लिहून घ्या. आणि ॲग्रीमेंट रजिस्टर करा, ती जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, लेखी रजिस्टर ॲग्रीमेंट नसेल तर अटींबद्दल तुमचं म्हणणं धरलं जातं, मालकाला ते खोटं ठरवावं लागतं. पण मुदत संपल्यावर 'आधी दुरुस्ती मग चावी' म्हणून अडून बसू नका, ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने पैसे लागू शकतात.

पागडीवाले (सुरुवातीला ठोक रक्कम देऊन कमी भाड्यात राहणारे जुने भाडेकरू) किंवा रीतसर भाडेकरू असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम १४ नीट वाचाच. घर राहण्यालायक ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, फक्त करारात उलट काही लिहिलेलं नाही ना ते तपासा. कमीत कमी १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरी वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. इथेच लोक फसतात, कारण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपेक्षा जास्त कापता येत नाही. महिना ५०० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ६०००, म्हणजे कापता येणार फक्त १५००, त्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग सोडा, एक कोपराही होत नाही. म्हणून एकट्याने लढू नका, ज्यांच्या ज्यांच्या घरात पाणी येतंय त्या सगळ्यांनी मिळून एकच नोटीस द्या. प्लंबर, सिमेंट, मजुरी, प्रत्येकाचं बिल घ्या, असा हिशोब व्हाउचरसकट ठेवला तर तोच खर्चाचा पुरावा धरला जातो.

आता फोनबद्दल, कारण ही चूक आम्हीच केली. बेडरूमच्या कोपऱ्यात आधी पिवळा डाग, मग पोपडे, जुलैत तर मुलीच्या वह्यांवर चुन्याचं पाणी टपकायचं. आम्ही दोन महिने फोनच करत राहिलो, फोटो व्हॉट्सॲपवर टाकले आणि मोबाईल बिघडल्यावर सगळं गेलं. मालक सरळ म्हणाले, मला कोणी कळवलंच नाही. आमच्याकडे दाखवायला एक कागद नव्हता. तेव्हा पत्र लिहा, स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि तारखेसकट फोटो दोन ठिकाणी ठेवा.

दुरुस्तीच्या नावाखाली पोटमाळा किंवा पक्की भिंत घालू नका, लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम हे घर खाली करायचं कारण होतं. आणि मालकाने पाणी-लाईट तोडली तर नुसतं पोलीस स्टेशनला जाऊन परत येऊ नका, भाडेकरूला याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली कोर्टात अर्ज करून सप्लाय परत मिळवता येतो, मुंबई-पुण्यात ते लघुवाद न्यायालय (स्मॉल कॉजेस कोर्ट).

बिल्डिंग धोकादायक ठरून खाली करायची नोटीस आली तर जीव आधी, बाहेर पडा. पण मोकळ्या हाताने नको. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगलीच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय. चावी द्यायच्या आधी आपल्या खोलीचं क्षेत्रफळ महापालिकेकडून लेखी मागून घ्या, आणि जुन्या भाडेपावत्या, लाईटबिलं एका पिशवीत घालून स्वतःबरोबर न्या, सामानाच्या टेम्पोत टाकू नका.