जुन्या पिकअपचं सेंटर बेअरिंग शोधताना

आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकल करून नुकतेच गॅरेजला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडं नेणारा दांडा) काय करतो, क्रॉस (शाफ्टचे वळते सांधे) कुठं असतात, लांब गाडीचा शाफ्ट दोन तुकड्यांत का असतो, हे तुम्हाला येतं असं धरतो. त्या दोन तुकड्यांना मधे टांगून धरतं ते सेंटर बेअरिंग. पुस्तकात त्याचं स्वच्छ चित्र असतं, बाण दाखवून नावंही लिहिलेली असतात. पण वर्षानुवर्षं विटा नाहीतर भाजी वाहिलेल्या पिकअपखाली झोपून तो नग काढलात, की हातात येतं ते फाटकं रबर, गंजलेला ब्रॅकेट आणि नंबर पुसून गेलेलं बेअरिंग. मग मेस्त्री म्हणतात, "जा, नाना पेठेतून असलंच एक घेऊन ये."

नाना पेठ म्हणजे पुण्यातला स्पेअर पार्टचा बाजार. तिथं 'असलंच एक' मागायला गेलात की मेलात. काउंटरवरचा पोरगा विचारणार, "गाडी कुठली?" तुम्ही म्हणणार टाटा २०७, किंवा जुनी बोलेरो पिकअप, किंवा कॅम्पर. तो मागं न बघता हात घालून खोकं पुढं ठेवणार. त्याची चूक नाही. त्याला दिवसभर नावं ऐकू येतात, मापं कुणी सांगतच नाही. पण एकाच नावाखाली या गाड्या कितीतरी वर्षं निघाल्या. मधल्या काळात व्हीलबेस बदलले, गिअरबॉक्स बदलले, त्याबरोबर शाफ्टही बदलले. शिवाय जुन्या गाडीत आधीच्या मालकानं भंगारातून दुसऱ्याच मॉडेलचा शाफ्ट आणून बसवलेला नसेलच, याची हमी कोण देणार? म्हणून गाडीचं नाव ही फक्त सुरुवात. आरसी बघायची तर नोंदणीचं वर्ष बघू नका, निर्मितीचा महिना आणि वर्ष बघा. डिसेंबरात बनलेली गाडी पुढच्या साली पासिंग झालेली असते आणि पार्टच्या कॅटलॉगमध्ये नेमकी तिथंच रेघ मारलेली असू शकते. चेसिस नंबर लिहून घ्या, पूर्ण १७ अक्षरं. अधिकृत डीलरच्या स्पेअर्स काउंटरवर तो दिला की पार्ट नंबर मिळण्याची शक्यता चांगली असते. माल तिथूनच घ्या असं माझं म्हणणं नाही, नंबर तरी घ्या.

बिघाड सेंटर बेअरिंगचाच आहे ना, हे आधी बघा. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी गुरगुर असेल आणि चालत्या गाडीत क्लच दाबला तरी ती तशीच राहत असेल, तर संशय शाफ्टकडे न्या. वळणावर आवाज बदलला तर व्हील बेअरिंग. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना 'टक्' आला तर बहुधा क्रॉस. आणि लोड घेऊन जागेवरून उचलताना पायाखाली थरथर येऊन थोड्या वेगानंतर ती शांत होत असेल, तर सेंटर बेअरिंगचं रबर बघायलाच हवं.

खोलण्याआधी दोन गोष्टी, आणि यात मी थट्टा करत नाही. गाडी गिअरमध्ये आहे म्हणून ती उभी राहील असं समजू नका. शाफ्ट सुटला की गिअरचा आणि मागच्या चाकांचा संबंध संपला. जुन्या पिकअपचा हँडब्रेक किती धरतो हे तुम्ही जाणताच. चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही, मेस्त्री कितीही घाई करोत. दुसरं म्हणजे खुणा. फ्लँजवर (बोल्टनं जोडायची चकती), योकवर (क्रॉस धरणारा दुबेळका), स्प्लाइनच्या (दातेरी जोडाच्या) दोन्ही बाजूंना रंगानं रेघ ओढा. दोन तुकडे एकमेकांत बसताना स्प्लाइनचा एक दात जरी सरकला तरी योक एका रेषेत राहत नाहीत आणि मग नवं कोरं बेअरिंगसुद्धा थरथर थांबवू शकत नाही. ब्रॅकेट आणि क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या आडव्या पट्टीच्या) मधे वॉशर किंवा पट्ट्या निघाल्या तर त्या कचरा म्हणून झाडू नका. कुणीतरी विचार करून घातलेल्या असतात. किती आणि कुठल्या बाजूला, ते लिहून ठेवा.

आता बेअरिंग. खरवडून, रॉकेलनं पुसून नंबर वाचायचा प्रयत्न करा. शेवटच्या दोन आकड्यांना ५ नं गुणलं की आतलं भोक मिळतं, म्हणजे ०६ असेल तर ३० मिलिमीटर, ०७ असेल तर ३५. इथवर सगळ्यांना येतं. म्हणून पोरं दुकानात "तीसचं बेअरिंग द्या" म्हणतात. पण ६००६ सुद्धा तीसचं आणि ६२०६ सुद्धा तीसचं. पहिल्याचा बाहेरचा व्यास ५५ आणि जाडी १३, दुसऱ्याचा ६२ आणि १६. तिन्ही मापं सांगा. नंबरापुढची अक्षरंही वाचा. टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं. गाडीच्या पोटाखाली चिखल-पाण्यात फिरणाऱ्या बेअरिंगला मी तरी रबरी सीलच घेतो. सी-३ असेल तर आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त आहे. बेअरिंग शाफ्टवर दाबून बसतं, वर गरमही होतं, त्यात ही मोकळीक कमी होते. जुन्यावर सी-३ असेल आणि दुकानदार "साधं पण चालतंय" म्हणाला, तर हसून पुढच्या दुकानात जा. काही शाफ्टना प्रमाण मापांत न बसणारं, जास्त रुंद रिंगचं खास बेअरिंग असतं. तिथं नंबरावरून काही जुळणार नाही, नग समोर ठेवूनच घ्यावा लागतो.

आणि आता ते, ज्यानं मला पार पिसून काढलं. सावकाश वाचा.

ब्रॅकेट क्रॉस मेंबरला खालून बोल्टनं टांगलेला असतो. ब्रॅकेट जिथं टेकतो त्या पृष्ठभागापासून, म्हणजे बेसपासून, शाफ्टच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे सेंटरची उंची, हे खरं माप. बेअरिंग तंतोतंत तेच, बोल्टची भोकं तंतोतंत तीच, ब्रॅकेटचा आकारही दिसायला तोच, आणि सेंटर पाच-सहा मिलिमीटर खालीवर, असे नग बाजारात शेजारी-शेजारी ठेवलेले असतात. ते बसतातही. बोल्ट सरळ जातात. म्हणूनच तर घात होतो.

तुम्ही म्हणाल, मग जुन्यावर माप घ्यायचं आणि नव्याशी ताडायचं, त्यात काय? त्यातच सगळं आहे. जुन्याचं रबर बसलेलं असतं. वर्षानुवर्षं शाफ्टचा भार झेलून ते खालच्या बाजूला ओघळलेलं, कधी अर्धं फाटलेलं असतं. त्यात अडकलेलं बेअरिंग मूळ जागेवर नसतंच. तुम्ही व्हर्निअर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) लावता, बेसपासून भोकाच्या जवळच्या कडेपर्यंत समजा ५१ येतं, त्यात भोकाचे निम्मे १५ मिळवून ६६ लिहिता, आणि ६६ चा नग शोधत पेठेतली दुकानं पालथी घालता. मिळतोही. मनापासून आनंद होतो. गाडी मात्र आधीसारखीच थरथरते, कारण तुम्ही आजारी नगाचं माप घेऊन नव्यात तोच आजार बसवलात.

माप रबरावरून घ्यायचं नाही, पोलादावरून घ्यायचं. रबराच्या बाहेर ब्रॅकेटची जी गोल रिंग असते ती सहसा वाकत नाही. बेसपासून त्या रिंगच्या जवळच्या कडेचं अंतर घ्या, मग लांबच्या कडेचं घ्या, दोन्हींची बेरीज करून निम्मी करा. समजा जवळची कड १५ वर आणि लांबची १०५ वर. बेरीज १२०, निम्मे ६०. हे तुमचं खरं सेंटर. रबर धडधाकट असताना बेअरिंग बहुतेक वेळा रिंगच्या मध्यावर असतं. ६६ आणि ६० मधला फरक म्हणजे रबर किती बसलं त्याचा हिशोब. नव्या नगावर मात्र दोन्ही मापं घ्या, रिंगवरूनही आणि भोकावरूनही. ती जुळली नाहीत तर रबर मुद्दाम एका बाजूला जाड ओतलेलं आहे. अशा वेळी अंदाज बंद करून पार्ट नंबरच प्रमाण माना. रिंगच चेपलेली असेल तरीही तेच.

सहा मिलिमीटरनं काय होतंय, असं मेस्त्रीही म्हणतील. शाफ्ट तेवढा खाली आला की पुढच्या आणि मधल्या क्रॉसचे कोन बदलतात. लोड घेऊन उचलताना, जोर सगळ्यात जास्त असतो तेव्हाच, ते कोन झटके देतात. सासवडकडून माल भरून दिवे घाटानं मार्केट यार्डाला येणाऱ्या गाड्या आमच्याकडे अशाच तक्रारी घेऊन यायच्या, "उचलताना नाचतीय." अशा गाडीला पुष्कळ ठिकाणी क्लच प्लेट बदलायला सांगतात आणि गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात जातात. अजूनही ट्रायलला जागेवरून गाडी सोडताना माझ्या पोटात गोळा येतो, खोटं कशाला बोलू.

भोकांचं अंतर घ्यायला मात्र सोपी युक्ती आहे. दोन्ही भोकं सारखी असतील तर एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, मध्य ते मध्य अंतर आपोआप मिळतं. भोकं लांबट असतील तर तेही लिहा. आणि ब्रॅकेट बाजूनं बघा, काहींत बेअरिंग थोडं पुढं किंवा मागं काढलेलं असतं. उलटा बसवलात तर रबर पहिल्या दिवसापासून ताणलेलं राहतं.

घाबरू नका, ही सगळी मापं घ्यायला सवय झाली की चहा थंड होत नाही.

दुकानात जाताना जुना नग सोबत न्याच, पण मापांचा कागद खिशात ठेवा. नगाशेजारी नग धरून "सेम आहे की!" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, व्हर्निअर काढायचं. काही दुकानदार वैतागतात. वैतागू देत. जे स्वतः व्हर्निअर पुढं करतात त्यांच्याकडं कायमचं जा, दोन पैसे जास्त गेले तरी. ऑनलाइन फोटोवरून मागवणं मला पटत नाही, कारण फोटोत सेंटरची उंची दिसत नाही. पार्ट नंबर हातात असेल तर गोष्ट वेगळी.

नुसतं बेअरिंग बदलायचं की पूर्ण नग? मेस्त्री लोक जुन्या ब्रॅकेटात नवं बेअरिंग ठोकून देतात, स्वस्तात काम होतं. रबर खरंच टणक आणि अखंड असेल तर मला हरकत नाही. पण जुन्या गाडीत असं रबर क्वचित दिसतं. फाटक्या रबरात ट्यूबचे तुकडे कोंबणं हा तर निव्वळ गिऱ्हाइकाला घाटात सोडण्याचा धंदा आहे. ज्यांच्याकडं शिकताय त्यांचा मान ठेवा, त्यांच्या हाताला जे कळतं ते तुम्हाला कळायला वेळ लागेल. पण "आपण असंच करतो" हे कारण म्हणून स्वीकारू नका.

शाफ्टची बेअरिंग बसण्याची जागा तपासणं विसरू नका. बेअरिंग जाम झालं की आतली रिंग शाफ्टवरच फिरते आणि शाफ्ट झिजतो. तीसच्या बेअरिंगला शाफ्ट तीसपेक्षा एखादा शतांश मिलिमीटर जास्त असायला हवा, आणि हे व्हर्निअरला कळत नाही, मायक्रोमीटर लागतो. नवं बेअरिंग हातानं सरकन गेलं तर खूश होऊ नका, तीच धोक्याची खूण आहे. त्यावर पंच मारून खडबडीत करणं, पत्र्याची पट्टी घालणं हे उपाय तुम्ही बघाल. काही दिवस टिकतात, मग बेअरिंग वाकडं फिरतं. डायरेक्ट गिअरला, पाच गिअरच्या बहुतेक बॉक्सात तो चौथा असतो, शाफ्ट इंजिनाच्याच फेऱ्यांनी फिरतो. तिथं पत्रा काय धरणार? लेथवाल्याकडून जागा भरून टर्न करून घ्या, नाहीतर तुकडा बदला, आणि नंतर शाफ्ट बॅलन्स करून घ्या. शाफ्टवरचे छोटे वेल्ड केलेले तुकडे बॅलन्सचे असतात, गंज काढताना उडवू नका.

बसवताना प्रेस वापरा. प्रेस नसेल तर आतल्या रिंगवरच टेकणारा पाइप घ्या. बाहेरच्या रिंगवर हातोडी पडली तर बेअरिंग बसवतानाच मेलं. ब्रॅकेटचे बोल्ट आधी हातानं लावा, बाकीचे फ्लँज खुणेवर आणून आवळा, गाडी चाकांवर उतरवा, ब्रॅकेट शाफ्टशी काटकोनात आहे हे बघा आणि मग शेवटचा पाना मारा. जॅकवर लटकलेल्या गाडीत आवळलेला ब्रॅकेट खाली उतरल्यावर तिरका ओढला जातो.

ट्रायल रिकाम्या गाडीवर घेऊन समाधान मानू नका. रिकामी गाडी सहसा गोडच चालते. मालकाला म्हणा, उद्या माल भरून इकडूनच जा. चढावर थांबवून पहिल्या गिअरमध्ये उचलायला लावा आणि तुम्ही शेजारच्या सीटवर बसा. थरथर नसेल तर बोल्ट पुन्हा एकदा तपासा आणि त्या गाडीचा चेसिस नंबर, बेअरिंगचा नंबर, तिन्ही मापं आणि सेंटरची उंची वहीत उतरवून ठेवा. त्याच मॉडेलची पुढची गाडी येईल तेव्हा पेठेत जायच्या आधी अर्धं काम झालेलं असेल, फक्त तिच्यावरही रिंगचं माप घेऊन ताडून बघा.