नावसाधर्म्यामुळे बँक खातं गोठलं तर काय करावं?

वाळवा किंवा तासगाव तालुक्यातल्या मोठ्या गावात नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी तिन्ही जुळणारी दोन-तीन माणसं सहज सापडतात. कोण कुठल्या आळीतला हे पोस्टमनला पाठ असतं, संगणकाला नसतं. मग भानगड एकाची आणि खातं गोठतं दुसऱ्याचं.

"वरून आलंय" एवढंच ऐकून शाखेतून परत फिरू नका. वरून म्हणजे कुठून? पोलीस, न्यायालय, आयकर, जीएसटी, की बँकेनं स्वतःच? प्रत्येकाची वाट वेगळी आहे. शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि विचारा: आदेश कोणाचा, पत्राचा क्रमांक आणि तारीख काय, कलम कोणतं, रक्कम किती, आणि सगळं खातं अडवलंय की तेवढ्या रकमेवरच 'होल्ड' आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. काउंटरवर तासभर घातलेली हुज्जत पुढे कुणालाच दाखवता येत नाही. पोच दाखवता येते.

आता आदेशातला माणूस आणि तुम्ही यांचा ताळा करा. एका कागदावर दोन रकाने आखा: पॅन, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल, खाते क्रमांक. "साहेब, तो मी नाही" म्हटल्यानं कुणी हलत नाही. "आदेशातला पॅन माझा नाही" म्हटलं की फाइल उघडावीच लागते. सोबत पॅन, आधार, खातेउतारा आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडा. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी परराज्यात राहणाऱ्या विटा-आटपाडीकडच्या मंडळींनी आधी बँकेत नोंदवलेला पत्ता बघावा. तोच जुना असेल तर ताळा लंगडा पडतो.

चूक बँकेची असेल तर शाखेतच दुरुस्ती मागा. आदेश बाहेरचा असेल तर ज्यानं दिला त्यालाच तो मागे घ्यावा लागतो, शाखाधिकारी कितीही ओळखीचा असला तरी. पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली खातं अडवतात. सायबर प्रकरणात हे पत्र बऱ्याचदा दुसऱ्या राज्यातून येतं. लगेच रेल्वे पकडू नका. तपास अधिकाऱ्याचा ई-मेल बँकेकडून घ्या, कागद ई-मेलनं आणि स्पीड पोस्टानं पाठवा. अशा जप्तीची माहिती पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना द्यायची असते. दाद लागली नाही तर वकिलामार्फत संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे त्याच संहितेच्या कलम 503 खाली अर्ज करता येतो.

दरम्यान घर चालायला हवं. 'डेबिट फ्रीज'मध्ये पैसे आत येतात, बाहेर पडत नाहीत. म्हणून ऊसबिल जमा होण्याआधीच कारखान्याच्या गट ऑफिसला दुसरं खातं कळवा. बेदाण्याचे पैसे येणार असतील तर अडत्यालाही सांगा. कर्जाचा हप्ता त्याच खात्यातून कटत असेल तर त्या संस्थेला लेखी कळवा. दिलेले चेक परत येण्याआधी समोरच्याला फोन करा.

बँक स्वतःची चूक सुधारत नसेल, 30 दिवसांत उत्तर देत नसेल किंवा उत्तर पटत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे. पोलिसांचा किंवा न्यायालयाचा आदेश लोकपाल उठवत नाही, तिथं वेळ घालवू नका. पतसंस्थेचं खातं असेल तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाची पायरी चढावी लागेल.

"पाच हजारांत गोठलेलं खातं मोकळं करून देतो" म्हणणारे फोन येऊ शकतात. ओटीपी तर देऊच नका, पाच हजारही नको.

आदेश मागे घेतल्याचं पत्र आलं की त्याची प्रत स्वतः शाखेत नेऊन द्या आणि पोच घ्या. मग तिथंच उभं राहून शंभर रुपये काढून बघा, यूपीआयनंही दहा रुपये पाठवून बघा. एक कुलूप निघतं आणि दुसरं तसंच राहतं, हे घरी पोचल्यावर कळण्यापेक्षा काउंटरसमोर कळलेलं बरं.