हिऱ्याचं पॉलिश दुकानातच तपासा
दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली कुठलाही हिरा चमकतो, कच्चं पॉलिश लपून जातं.

१. हिरा आधी स्वच्छ पुसून घ्या. बोटांच्या तेलकटपणानेही तेज मरतं.
२. सराफाकडून १० पट दाखवणारं भिंग मागा. हिरा असा कलता करा, की एकेका पैलूवरून उजेड आरशासारखा परतेल. पैलूवर बारीक समांतर रेघा दिसल्या आणि त्या त्याच पैलूच्या कडेशी थांबल्या, तर त्या बहुधा पॉलिशच्या. धुरकट डाग असेल तर घासताना पृष्ठभाग जळलेला असू शकतो.
३. जीआयए म्हणजे हिऱ्यांचा दर्जा तपासणारी अमेरिकी संस्था; तिच्या प्रमाणपत्रातली पॉलिशची ओळ वाचा. ‘एक्सलंट’ आणि ‘व्हेरी गुड’मधला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, मी तरी त्यासाठी जादा पैसे मोजणार नाही. ‘फेअर’, ‘पूअर’ टाळाच.

घरी टूथपेस्टने घासू नका. हिऱ्याला काही होत नाही, कोंदणाच्या सोन्यावर ओरखडे पडतात.