सांगली-साताऱ्यात मासे घेताना

आधी विक्रेत्याला विचारा: मासा कुठल्या पाण्यातला, कशानं धरलाय? कोयना, धोम किंवा कृष्णेतला, लहान होडीतून जाळ्यानं वा गळानं धरलेला मासा पहिली पसंती. रत्नागिरीहून घाट चढून आलेला असेल तर रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा), गळाचा आहे का ते पाहा. ट्रॉलरचं, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौकेचं, जाळं तळ खरवडतं, पिल्लंही ओढून आणतं. एलईडी दिव्यांच्या उजेडाकडे ओढून धरलेला तर नकोच. त्या मासेमारीवर बंदी आहे.

मग माप. सोबत पट्टी ठेवा. पापलेट 135 मिमीपेक्षा लहान असेल तर परत ठेवा, कारण त्यानं एकदाही अंडी घातलेली नसतात. स्वस्त ‘छोटं पापलेट’ घेतलं की पुढच्या हंगामाचं पीक आजच कापलं जातं.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना समुद्रबंदी असते, तेव्हा ‘ताजी सुरमई’ बहुधा बर्फातली. याच दिवसांत रोहू-कटलाही अंडी घालतात; पोट फुगलेली नदीतली मादी टाळा, तळ्यात वाढवलेला चिलापी घ्या.

कल्ले लालभडक, डोळे फुगीर, मांस दाबल्यावर वर येणारं हवं. नदीत दूषित पाण्यानं मरून तरंगलेले मासे फुकटातही घेऊ नका.