अपुऱ्या दिवसांचं बाळ घरी येताना ‘ड’ जीवनसत्त्वाची तयारी

डिस्चार्जची तारीख कळली की घरात दुपटी-टोपडी, पाळणा यांची धांदल उडते. ती उडू दे, पण आधी एक फाईल आणा आणि आई-बाळ दोघांचे रिपोर्ट तिच्यात एकत्र लावा. बाळाला जन्मतः मिळालेलं ‘ड’ जीवनसत्त्व आईकडूनच, वारेतून आलेलं असतं. आईकडेच कमी असेल तर बाळाकडेही कमीच. शिवाय ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचे कॅल्शियम-फॉस्फरस साठवायचे शेवटचे आठवडे हुकलेले असतात. आईची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. नाव ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’. दोन लॅबचे आकडे ताडून घाबरण्याआधी एकक बघा, नॅनोग्रॅममधले २० म्हणजे नॅनोमोलमधले ५०.

थेंबांच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. अशा बाळांना बहुधा रोज ४०० ते ८०० युनिट, कधी १००० पर्यंत देतात. आपल्या बाळाचा आकडा डॉक्टरच ठरवतील. पण बाजारात एका मिलिलिटरला ४०० युनिटची बाटली मिळते तशी ८०० चीही मिळते. आमच्याकडे पहिली संपल्यावर दुसरी आली ती ८०० ची, माप तेच राहिलं, आणि चार दिवस भाचीला दुप्पट डोस गेला. निभावलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: कार्डावर ‘किती मिलि, किती युनिट, कोणती बाटली’ हे तिन्ही लिहून घ्या, ड्रॉपर ज्या बाटलीचा त्याच बाटलीला वापरा आणि खोक्याचा फोटो काढून ठेवा. दुधात घालायची पावडर दिली असेल तर तिच्यातलं ‘ड’ही हिशेबात धरलंय ना, ते विचारा. मोठ्यांची ६०,००० युनिटची पुडी घरात असेल तर ती वेगळ्या कपाटात ठेवा. त्या एका पुडीत ४०० च्या हिशेबाने १५० दिवसांचा डोस असतो!

आजी कोवळ्या उन्हाचा आग्रह धरतील. भल्या सकाळच्या उन्हात त्वचेत ‘ड’ तयार करणारे किरण फारच कमी असतात, खिडकीच्या काचेतून तर ते आत येतच नाहीत, आणि उघडं ठेवलेलं कमी वजनाचं बाळ चटकन गारठतं. मालिशचंही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

बाळंतिणीला सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत बसवू नका. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमबरोबर २५० युनिट ‘ड’ असतं. दिवसाला दोन, बाळंतपणानंतर सहा महिने. लोहाच्या गोळीबरोबर नको, मध्ये दोन तास जाऊ द्या.

हाडांसाठी रक्तातल्या फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेजची (हाडं कमकुवत होत असली की रक्तात वाढणारं एक विकर) तपासणी कधी, ते घरी निघायच्या आधीच विचारून ठेवा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वेगळी. एकाच खेपेत उरकायला म्हणून ती पुढे ढकलू नका.

थेंब कोण देणार, हे एकदाच ठरवा. दिले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा, नाहीतर सकाळी आजी देतात आणि रात्री बाबा. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायचे नाहीत.